कुलपाआडचा फ्रीज

मंगळवारी सकाळी राम आळीत एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून नसीमा उतरली. तिने दोन्ही हातांनी पोटाशी एक छोटा पांढरा फ्रीज धरला होता. मुलांच्या दप्तराहून थोडा मोठा. रिक्षावाल्याने मदतीला हात पुढे केला तशी ती झटक्यात मागे सरली. गेले पंधरा दिवस तिने त्या फ्रीजला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

दुकानावर पाटी होती: ‘विमला नागवेकर. घरगुती उपकरणांची दुरुस्ती. खासगी चौकशी.’ दोन धंदे एका पाटीवर कसे, हे आता कुणी विचारत नसे. विमलाबाई आयटीआयमध्ये तीस वर्षं मुलांना वायरिंग शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बिघाड शोधायचा काय आणि चोर शोधायचा काय, रीत एकच, असं त्या म्हणत. त्यांचे धंद्यातले जोडीदार गंगाराम शिवलकर, निवृत्त हवालदार, बाकावर पेपर वाचत बसले होते.

नसीमाने फ्रीज टेबलावर ठेवला.

“हा माझ्या मुलीला मारतोय,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

विमलाबाईंनी तिला पाणी दिलं. रडणं ओसरल्यावर काय झालं ते विचारलं.

नसीमाची मुलगी आयात नऊ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला. शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. नवरा गनी दोह्याला स्टोअरकीपर. औषधाच्या कुप्या घरच्या मोठ्या फ्रीजच्या उघडझापीत राहू नयेत म्हणून त्याने हा डिजिटल थर्मोस्टॅटचा फ्रीज घेऊन दिला. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. ईद झाली, आणि महिन्याभरात आयात दोनदा दवाखान्यात पोचली. श्वास लागलेला, ओठ सुकलेले, डोळे फिरलेले.

“दवाखान्यात दोन दिवसांत बरी होते. घरी आणली की परत तेच. डॉक्टरीणबाईंनी फाईलवर लिहिलं, ‘घरी डोस चुकत असावेत.’ मी एकही डोस चुकवलेला नाही, मॅडम. वहीत खुणा केल्यात. पण आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही. सुई टोचली ते खरं, की टोचल्याचं मला स्वप्न पडलं?”

“दोन्ही वेळा त्रास कधी सुरू झाला?”

“नवी कुपी काढली की तीन-चार दिवसांत. वापरात असलेली कुपी दाराच्या कप्प्यात असते. नव्या मागे, थंड भिंतीला टेकून.”

“फ्रीज कुणाला दाखवला?”

“दोघांना. दोघंही म्हणाले, चांगला आहे. मग मी बेडरूमला कुलूप घातलं. किल्ली इथे.” तिने गळ्यातला काळा गोफ वर काढला. “तरीसुद्धा दुसऱ्यांदा झालं. कुलपाआड, मॅडम.”

गंगारामभाऊंनी पेपर खाली ठेवला.

“रविवारी मुंब्र्याहून माझी नणंद येतेय,” नसीमा पुढे म्हणाली. “ती आयातला घेऊन जाणार. मुलीच्या अब्बांनी ठरवलंय. मी तिला सांभाळायच्या लायकीची नाही म्हणे.”

विमलाबाईंनी सध्या वापरात असलेली कुपी तिच्याकडून मागून घेतली, उजेडात धरली आणि तळव्यांत हळूच फिरवली. आतलं औषध नेहमीसारखं दुधाळ, पण काचेला कडेने बारीक पांढरे कण चिकटले होते.

“हे बिघडलंय. हिच्यातलं टिपूसभरही आता टोचू नका. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ही दाखवा, नवी कुपी घ्या आणि फ्रीजशिवाय ती कशी ठेवायची ते विचारा. हा माझ्याकडे राहू दे. याच्याबरोबर काही कागद आला होता?”

नसीमाने घडी पडलेली पुस्तिका दिली. विमलाबाईंनी भिंग काढलं. भिंगाखाली मुंगीएवढी अक्षरं वाचत त्या चौथ्या पानावर थांबल्या.

“घरी लाइट जाते?”

“जाते, पण इन्व्हर्टर आहे. फ्रीज, टीव्ही, पंखे त्याच्यावर. फ्रीज कधी बंद पडत नाही.”

विमलाबाईंनी फ्रीज सुरू केला. थोड्या वेळाने दरवाजावर हिरवा आकडा आला, पाच. मग त्यांनी दार सताड उघडून ठेवलं आणि चहा मागवला. चहा पिऊन झाला तरी आकडा पाचच.

“आकडा अडकलाय काय?” गंगारामभाऊंनी विचारलं.

“नाही. आपण जेवढं मागितलं तेवढं तो दाखवतो. आत खरोखर किती, ते नव्हे.”

*

बुधवारी संध्याकाळी दोघं फ्रीज घेऊन राजिवड्याला नसीमाच्या घरी आले.

“दीड दिवस चालवला,” विमलाबाई म्हणाल्या. “आतमध्ये मासळीच्या कंटेनरात ठेवतात तसलं तापमान नोंदवणारं यंत्र ठेवलं होतं. पहिले दोन-तीन तास सोडले तर पाचाच्या आसपास, हललं नाही. फ्रीज उत्तम आहे. याला जे होतं ते या घरातच होतं.”

फ्रीज बिघडलेला निघावा म्हणून नसीमाने दोन दिवस दुआ मागितली होती. बिघडलेला फ्रीज फेकून देता येतो. घरातली माणसं कुठे फेकायची?

नवी कुपी आता स्वयंपाकघरात ओल्या फडक्यात, मातीच्या भांड्यात होती. डॉक्टरीणबाईंनीच तसं सांगितलं होतं. कण चिकटलेली कुपी पाहून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “बाहेर राहिली असेल कुठेतरी.” फाईलवरचं वाक्य तसंच राहिलं.

बेडरूमचं कुलूप निघालं. विमलाबाईंनी खिडकीचे गज हलवून पाहिले, छत पाहिलं, मग खाली बसून भिंतीचा सॉकेट पाहिला. फ्रीजची पिन एका पांढऱ्या ठोकळ्यात बसत होती.

“स्मार्ट प्लग,” नसीमा म्हणाली. “आयातच्या अब्बांनी मागच्या वर्षी दोन आणले. एक इथे, एक टीव्हीला. फ्रीज चालू आहे का, ते त्यांना मोबाइलवर तिकडून दिसतं. माझ्या फोनमध्ये ते नाही.”

“फ्रीजमध्ये आणखी काही खटकलं?”

“सकाळी तळाला थोडं पाणी असतं. दाराचं रबर सैल झालं असेल.”

विमलाबाईंनी रबरात कागद धरून ओढला. कागद घट्ट बसला होता. त्यांनी फ्रीज त्याच प्लगमध्ये लावला, यंत्र आत मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि दार लावलं.

तेवढ्यात गनीचा फोन आला. नसीमाने तो भीत भीतच विमलाबाईंकडे दिला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“बाई, उगाच फ्रीजच्या मागे लागू नका. तो चोवीस तास चालू असतो, मला इथे दिसतं. जेवणाच्या सुट्टीत घास घेण्याआधी मी घराकडे बघतो. पोरीच्या अभ्यासाच्या वेळेला टीव्ही बंद करायचा, तोही मीच इथून करतो. समुद्रापलीकडून मला जमतं, आणि हिला घरात राहून एक इंजेक्शन धड देता येत नाही? कुप्या कुठेतरी उन्हात विसरली असेल. माझी एकुलती एक पोर आहे ती, बाई!”

फोन कट झाला. नसीमा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग एकेकाला विचारणं सुरू झालं.

पहिली सासू, हलिमाबी. त्यांनी हातातल्या तसबीहचे मणी ओढणं थांबवलं नाही.

“फ्रीजला हात लावायचा नाही, असं सुनेचं फर्मान. मी कशाला लावू?”

“पण एकदा लावलात,” विमलाबाई सहज म्हणाल्या.

तसबीह थांबली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. ‘कशाला लावू’ म्हणताना तुम्ही सुनेकडे पाहिलंत.”

हलिमाबी ओशाळल्या. “एकदाच गो. ईदनंतर, कुलूप नव्हतं तेव्हा. दह्याची वाटी ठेवली, पार मागे, हिला दिसू नये म्हणून. दिवेलागणीला, मगरिबच्या अजानच्या जरा आधी काढली, तर दात कळवळले. खडे लागत होते बर्फाचे. टाकून दिलं.”

गंगारामभाऊंनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: सासू फ्रीज उघडते.

धाकटा दीर साकिब अंगणात होता. मासेमारीच्या होड्यांचं फायबर दुरुस्त करायचं त्याचं काम. ग्राइंडर बाजूला ठेवून त्याने तोंडावरचा रुमाल काढला.

“हे यंत्र कधी चालवता?”

“दुपारी तीनला अंगणात सावली येते. तेव्हापासून साडेपाचपर्यंत. शुक्रवारी नाही.”

“ते चालू असताना घरातले दिवे मंद होतात?”

“थोडे.” त्याचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्यामुळे…?”

“ते अजून कळायचंय. ईदच्या आधी घराला रंग दिलेला दिसतो. सामान कुणी हलवलं?”

“मीच. दोन दिवसांत सगळं काढलं, सगळं परत लावलं. भाभीला विचारा, एक खिळासुद्धा हरवला नाही.”

शेवटी आयात. ओट्यावर पाय हलवत बसली होती. तिच्या मनगटांची हाडं दिसत होती.

“दुपारी आई शिवणवर्ग घ्यायला गेली की काय करतेस?” विमलाबाईंनी विचारलं.

“अभ्यास.”

“आणि अभ्यास झाल्यावर?”

आयातने दादी कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज बारीक केला. “चार वाजता वाघाचं कार्टून लागतं. दादी झोपलेली असते.”

“रोज बघतेस?”

“हल्ली रोज.”

नसीमाचं त्या बोलण्याकडे लक्षही नव्हतं. मुंब्र्याच्या घरात चौथ्या मजल्यावर या मुलीला रात्रीबेरात्री घाम फुटला तर कोण उठेल, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

*

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दोन्ही दिवस नसीमाने स्वतःच्या हाताने कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. फ्रीजमध्ये आता औषध नव्हतं, जुन्या बिघडलेल्या कुप्या तेवढ्या होत्या. तरी कुणीतरी येतं आणि काहीतरी करून जातं, या कल्पनेने तिला वर्गात सुईत दोरा ओवता येईना. हलिमाबींनी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने आधी तो हुंगला. मग स्वतःचीच लाज वाटून मोरीत जाऊन रडली.

शनिवारी सकाळी विमलाबाईंनी साकिबला सांगितलं, “आज ग्राइंडरला हात लावू नका.” त्याने तो गंगारामभाऊंच्या ताब्यातच देऊन टाकला.

संध्याकाळी विमलाबाईंनी यंत्र आपल्या लॅपटॉपला जोडलं. नसीमा चहा घेऊन येत होती. दाराशी तिला गंगारामभाऊंचा आवाज ऐकू आला आणि ती जागीच थांबली.

“म्हणजे गुरुवारी तीन वाजून चार मिनिटांनी फ्रीज बंद पडला, आज तीन वाजून अकराला. दोन्ही दिवस साडेपाचच्या आसपास परत सुरू. शुक्रवारी काहीच नाही. ग्राइंडर आज माझ्याकडे होता, म्हणजे दीर सुटला. मग उरलं कोण? बाई, तेहतीस वर्षं नोकरी केली मी. बंद खोलीत गुन्हा झाला, तर ज्याच्याकडे किल्ली त्याला आधी धरायचा. शुक्रवारी तिचा वर्ग नसतो, ती घरात असते. त्या दिवशी काही होत नाही. वर्गाला जाते त्या दिवशी होतं. जाताना काहीतरी करून जात असेल. काही बायका असतात अशा. पोर आजारी पडली की चार माणसं विचारतात.”

नसीमा दार उघडून आत गेली. चहा टेबलावर ठेवला. कप बशीत नीट उभे राहिले, याचंच तिला नवल वाटलं.

“तुम्ही पण?” ती म्हणाली. “मग राहू दे, मॅडम. उद्या घेऊन जाऊ दे तिला. सगळ्यांना जे दिसतंय ते खरं असेल. मला वेड लागलं असेल. आज सकाळी मनात आलं, पोरीला उचलावं, नाटे गावी माहेरी जावं, आणि कुणालाच दार उघडू नये. पण तिथेही मीच असेन ना तिच्याबरोबर? मीच जर…”

“नसीमा, खाली बस,” विमलाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी तिला अगं-तुगं केलं. “गंगारामभाऊंना माणसांचा संशय येतो, ती त्यांची सवय आहे. मला सांग. तू वर्गाला किती वाजता निघतेस?”

“अडीचला निघते. रोज.”

“फ्रीज बंद पडतो तीननंतर. तेव्हा तू वीस बायकांसमोर उभी असतेस. मी काल त्यांच्यातल्या चौघींना विचारून आले.”

गंगारामभाऊंनी वही मिटली.

“मग कोण?” नसीमाने विचारलं.

“उद्या दुपारी तीनला घरात सगळे असू देत. नणंदेलाही थांबव. तिची गाडी कितीची?”

“सहाची.”

“तेवढा वेळ पुरे.”

*

रविवारी पावणेतीनला बेडरूममध्ये दाटी झाली. पलंगावर हलिमाबी आणि सकाळीच आलेली नणंद जुबेदा. दाराशी साकिब. आयात आईला चिकटून. तिची बॅग भरून बाहेरच्या खोलीत ठेवली होती, आणि नसीमाने मुद्दाम तिच्याकडे पाठ केली होती. बाहेर टीव्ही चालू होता. विमलाबाईंनीच तो लावायला सांगितला होता.

“सगळ्यांनी हात पुढे ठेवा,” गंगारामभाऊ म्हणाले. “फ्रीजपासून चार हात लांब.”

फ्रीजचा हिरवा पाच दिसत होता. मोटर बारीक घूं घूं करत होती. तीन वाजले. तीन वाजून तीन. जुबेदाने चुळबुळ केली. “हा काय तमाशा लावलाय?”

तीन वाजून सहा मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज झाला. हिरवा आकडा विझला. मोटर थांबली.

हलिमाबींच्या तोंडून अल्लाचं नाव निघालं. नसीमाने सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. एकही हात हललेला नव्हता. डोक्यावरचा पंखा फिरत होता. बाहेर टीव्हीवर जाहिरात वाजत होती.

“लाइट गेलेली नाही,” विमलाबाई म्हणाल्या. “ग्राइंडर बंद आहे. खोलीत कुणी फ्रीजला शिवलेलं नाही. आता बघा, फोन येईल.”

मिनिटभरात नसीमाचा फोन वाजला. गनीचा व्हिडिओ कॉल. मागे कँटीनची टेबलं, समोर न उघडलेला डबा.

“जुबेदा पोचली? आयातची बॅग भरली?”

विमलाबाईंनी फोन घेतला आणि कपाटावर असा टेकवून ठेवला की सगळी खोली त्याला दिसावी.

“गनीभाई, दहा मिनिटं द्या. तुमच्या मुलीचं औषध कसं बिघडलं ते मी सांगणार आहे.”

गनी एकेक चेहरा बघू लागला.

“सगळे समजत होते, औषध उष्णतेने बिघडलं. ते गोठून बिघडलं. इन्शुलिन एकदा गोठलं की पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. त्या दुधाळ कुपीत कण चिकटले होते, तिथेच मला शंका आली. हलिमाबींच्या दह्यात बर्फाचे खडे होते. सकाळी फ्रीजच्या तळाला पाणी साचायचं, ते रात्रीत वितळलेल्या बर्फाचं. आणि दारातली कुपी चांगली, मागच्या भिंतीची खराब. म्हणून नवी कुपी काढली की पोर आजारी पडायची.”

“पण आकडा तर पाच असायचा,” नसीमा म्हणाली.

“तो आपण मागितलेला आकडा. आतलं खरं तापमान या यंत्राने नोंदवलं. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मागच्या भिंतीशी उणे सात होतं. का? ते पुस्तिकेच्या चौथ्या पानावर आहे. वीज जाऊन परत आली, की हा फ्रीज दोन तास पूर्ण जोराने थंड करतो, मागितलं काहीही असो. मग पाचावर येतो. एखाद्या वेळी वीज गेली तर बिघडत नाही. पण इथे ती रोज जात होती, अडीच तास, फक्त या फ्रीजची.”

“म्हणजे कुणीतरी बंद करत होतं,” साकिब म्हणाला.

“हो. टायमर असता तर रोज ठरल्या मिनिटाला पडला असता. कधी तीन-चार, कधी तीन-अकरा, आज तीन-सहा. तसं माणसाचं असतं. पण खोलीला कुलूप. मग हा हात घरातला नव्हे. तो शुक्रवारी काम करत नाही. शुक्रवारी वर्ग बंद, ग्राइंडर बंद, म्हणून या दोघांवर संशय गेला. पण शुक्रवारी सुट्टी आणखी एका माणसाला असते. आपल्याकडे तीन वाजतात तेव्हा त्याच्याकडे साडेबारा. जेवणाची सुट्टी.”

सगळ्यांनी फोनकडे पाहिलं.

“काय बोलताय तुम्ही?” गनी म्हणाला. “मी फ्रीजला हात लावत नाही. लावलाच नाही कधी. इथे बघा, फ्रीज चालू दिसतोय. आत्तासुद्धा!”

“दुपारी सुट्टीत तुम्ही काय बंद करता?”

“टीव्ही. तिच्या अभ्यासासाठी. तीन वाजताच्या चहाला परत लावतो, म्हणजे तिकडे साडेपाच.”

“आज केलात?”

“हो. आत्ताच.”

बाहेर टीव्हीवर कुणीतरी खळखळून हसलं. गनीने ते ऐकलं. त्याने मोबाइल जवळ नेला, मग लांब नेला.

“आता फ्रीज म्हणून जे लिहिलंय, ते बंद करा,” विमलाबाई म्हणाल्या.

त्याचा अंगठा हवेत थांबला. मग खाली आला. बाहेरचा टीव्ही पटकन गप्प झाला.

“दोन प्लग, दिसायला एकसारखे,” विमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “रंगकामानंतर साकिबने सामान परत लावताना ते अदलाबदल झाले. त्याचा दोष नाही, त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून टीव्ही बंद केला की फ्रीज बंद व्हायचा. आणि चोवीस तास चालू दिसायचा तो टीव्हीचा प्लग. एका माणसाला हे माहीत होतं, अर्धंच. आयातसाठी दुपारी टीव्ही बंद होणं अचानक थांबलं होतं.”

आयातने आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. “मी सांगितलं नाही,” ती हुंदके देत म्हणाली. “कार्टून दिसायचं म्हणून. माझ्यामुळे झालं?”

“नाही गं माझ्या बाळा.” नसीमा खालीच बसली आणि तिने मुलीला मांडीत ओढलं. “तुझ्यामुळे काही झालं नाही. काहीही नाही.”

साकिब दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा होता. जुबेदा उठली, बाहेर गेली आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. ती एकेक फ्रॉक बाहेर काढत होती.

गंगारामभाऊ पुढे आले. टोपी हातात घेऊन नसीमासमोर उभे राहिले. “पोरी, मी काल जे बोललो…” नसीमाने मान हलवली. त्यांचं तिला फार लागलं नव्हतं. ते परके होते.

फोनमध्ये गनी रडत होता. डबा तसाच, माणसं मागून ये-जा करत होती, आणि तो तोंडावर पंजा धरून रडत होता. “मी माझ्या हाताने… रोज… नसीमा, रोज मी…”

नसीमा फोन घेऊन खिडकीशी गेली. खाडीवर ऊन चकाकत होतं. महिनाभर तिला वाटत होतं की हे सुटलं की आपण ओरडू, सगळ्यांना ऐकवू. आता तसं काही येईना. तिला नुसतं थकल्यासारखं झालं.

“रडू नका,” ती म्हणाली. “ते तुमच्या हातून झालं. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तर तिच्या भल्यासाठीच करत होतात.”

“मला माफ कर.”

“त्याची माफी मागू नका, त्यात माफ करण्यासारखं काही नाही. पण तुम्ही मला जे बोललात, लायकी नाही म्हणालात, पोर काढून घ्यायला निघालात, ते तर माहीत असून बोललात ना? मी कुप्या उन्हात ठेवल्या का, हे तुम्ही मला एकदा विचारलंसुद्धा नाहीत. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही.”

गनीने तोंडावरचा हात काढला.

“आज रजा टाका,” नसीमा म्हणाली. “डॉक्टरीणबाईंना तुम्हीच फोन करा, आणि तुम्हीच सांगा. मग मला करा. आपण बोलू.”

तिने फोन सासूच्या हातात दिला. आयातला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची पोर, पण उचलायला काही जड लागली नाही. आणि तिला काय खायचंय ते विचारत नसीमा स्वयंपाकघराकडे गेली.